घटक ४ : बालवयातील सायकोसिस – भाषा, कुटुंब आणि समाज

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,
● बालवयात सुरू होणाऱ्या सायकोसिसचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल.
● या आजारात मुलाच्या बोलण्यात होणारे बदल भाषिक पातळ्यांच्या आधारे स्पष्ट करता येतील.
● कुटुंब, शाळा आणि गाव मुलाविषयी जे शब्द वापरतात, त्यांचे सामाजिक परिणाम विशद करता येतील.
● भाषा हे आजाराचे कारण नसले तरी आजारी मुलाची वाट कशी ठरवते, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समाज आणि भाषा यांचा संबंध अभ्यासताना आपण आजवर बोली, जात, लिंग, व्यवसाय अशा घटकांचा विचार केला. या घटकात आपण एका आजाराकडे वळणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात आजाराचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की हा आजार मुख्यतः बोलण्यातून आणि वागण्यातून ओळखला जातो. मलेरियासारखे त्याचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. इतर आजार नाहीत याची खात्री करण्यासाठी तपासण्या होतात. परंतु निदान होते ते मुलाचे बोलणे ऐकून, त्याचे वागणे पाहून आणि घरच्या माणसांनी सांगितलेली हकीकत समजून घेऊन. दुसरे कारण व्यावहारिक आहे. आपल्यापैकी अनेक जण शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या किंवा पालक आहेत. असे मूल डॉक्टरांपूर्वी आपल्यासमोर येते.

प्रथम एक उदाहरण पाहू. ते अभ्यासासाठी रचलेले आहे. कोणा एका मुलाची ती कथा नव्हे. जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातला अकरा वर्षांचा मुलगा सहावीत शिकतो. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आणि मुलगा आजीजवळ राहिला. पूर्वी वर्गात मोठ्याने धडा वाचणारा हा मुलगा मागच्या रांगेत जाऊन बसू लागला. मधूनच तो कानांवर हात ठेवी. आजीने फोनवर सुनेला सांगितले, “लेकरू एकटंच बोलायलंय.” शेजारीण म्हणाली, “बाहेरचं आहे.” वर्गातली मुले त्याला “येडं” म्हणू लागली. शाळेत त्याची नोंद “अनियमित” अशी झाली. चैत्रात आईवडील परतल्यावर गंडेदोरे झाले, एका जाणत्याकडे फेऱ्या झाल्या. श्रावणात परभणीला डॉक्टरांनी “सायकोसिस” हा शब्द उच्चारला.

एकाच मुलाच्या एकाच अवस्थेला येथे पाच नावे मिळाली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत नऊ महिने गेले. जिंतूर ते परभणी हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरचे. ते कापायला नऊ महिने का लागावेत, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे. उपचाराविना जाणारा काळ जितका लांबतो तितके पुढचे बरे होणे सामान्यतः अवघड होते. म्हणून हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ आजाराचे स्वरूप आणि नावांचा इतिहास

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला मनाचा संबंध ढळण्याची अवस्था. जे नाही ते ऐकू येणे किंवा दिसणे, म्हणजे भास. आणि कितीही समजावले तरी न ढळणारी चुकीची समजूत, म्हणजे संभ्रम, ही तिची ठळक लक्षणे होत. बोलण्यातील विस्कळीतपणा, भावना बोथट होणे, माणसांपासून दूर जाणे हीही लक्षणे आढळतात. स्किझोफ्रेनिया हा या गटातील प्रमुख आजार आहे. तो बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा तारुण्यात सुरू होतो. तेराव्या वर्षापूर्वी सुरू झाल्यास त्यास बालवयातील स्किझोफ्रेनिया म्हणतात आणि तो अतिशय विरळा आहे. आनुवंशिकता आणि मेंदूच्या वाढीतील फरक यांचा त्यात मोठा वाटा असतो. मुलांमध्ये तो सहसा हळूहळू येतो : अभ्यासात घसरण, झोप बिघडणे, खेळ सोडणे अशा खुणा आधी दिसतात.

प्रत्येक भास म्हणजे सायकोसिस नव्हे, हेही लक्षात घ्यावे. लहान मूल काल्पनिक मित्राशी बोलते. तापात मूल बरळते. घरात मृत्यू झाल्यावर आजोबांची हाक ऐकू आल्यासारखे वाटते. फिट्स, मेंदूचा संसर्ग, काही औषधे किंवा सोसलेला अत्याचार यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. आपले काम बदल वेळेवर ओळखण्याचे आहे.

‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ युजेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडली. ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनली आहे. मराठीतील ‘छिन्नमनस्कता’ हे तिचेच शब्दशः रूपांतर. या नावामुळे एका माणसात दोन व्यक्ती असतात असा गैरसमज जगभर पसरला. जपानी भाषेतील जुन्या नावाचा अर्थही ‘मन दुभंगण्याचा आजार’ असाच होता. २००२ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदलून ‘एकसूत्रता बिघडण्याचा आजार’ अशा अर्थाचे नाव स्वीकारले. त्यानंतर रुग्णाला त्याचे निदान स्पष्टपणे सांगण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले. औषध तेच होते, डॉक्टर तेच होते. नाव उच्चारण्याजोगे झाले एवढाच फरक.

मराठीत सायकोसिससाठी ‘मनोविकृती’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. शास्त्रीय परिभाषा म्हणून तो निर्दोष असला, तरी बोलीव्यवहारात ‘विकृत’ हा शब्द नैतिक निंदेचा आहे. आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला ‘मनोविकृती’ आहे हे ऐकणाऱ्या आईला त्यात दोषारोपच ऐकू येईल. म्हणून या घटकात ‘सायकोसिस’ हा रुळलेला परकीय शब्दच वापरला आहे.

नाव चुकले की माणसेही चुकीच्या गटात पडतात. स्वमग्न मुले कित्येक वर्षे ‘बालवयातील स्किझोफ्रेनिया’ याच नावाखाली मोजली जात. १९७१ मध्ये इस्राएल कोल्विन यांच्या अभ्यासाने हे दोन गट वेगळे असल्याचे दाखवले आणि १९८० पासून अमेरिकेतील अधिकृत वर्गीकरणातही ते वेगळे झाले.

४.२.२ मुलाच्या बोलण्यातील बदल

समजा, शिक्षकांनी आपल्या उदाहरणातील मुलाला विचारले, “काल शाळेत का आला नाहीस?” आणि त्याने उत्तर दिले :

“काल आभाळ आलं होतं. आभाळ काळं. फळा काळा असतो. फळ्यावर नाव लिहिलं अन् त्यांनी पुसलं. पुसलं म्हणून ते हसायलेत.”

या उताऱ्याचे भाषिक पातळ्यांवर विश्लेषण करू. ध्वनींमध्ये दोष नाही. ‘आभाळ काळं’, ‘फळा काळा’ येथे लिंगानुसार विशेषण बदलले आहे. विभक्तिप्रत्यय बरोबर आहेत. ‘हसायलेत’ हे मराठवाडी बोलीतील चालू वर्तमानाचे रूपही बिनचूक आहे. वाक्ये शेजारच्या वाक्याशी एखाद्या शब्दाने जोडलेलीही आहेत. तरीही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. म्हणजे व्याकरण शाबूत असून संभाषणाच्या पातळीवरील सुसंगती तुटली आहे. शिवाय ‘त्यांनी’ आणि ‘ते’ ही सर्वनामे कोणाकडे निर्देश करतात हे ऐकणाऱ्याला कळत नाही. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज घेऊन सर्वनाम वापरायचे असते. तो अंदाजच येथे हरवला आहे.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी १९७९ मध्ये बोलण्यातील अशा बिघाडांचे वर्गीकरण केले. त्यांचा मूळ शिक्षणक्रम साहित्याचा होता, ही गोष्ट आपल्यासारख्या वाचकांना आवडेल. रुळावरून घसरणारे बोलणे, अल्प बोलणे, स्वतः घडवलेले शब्द असे प्रकार त्यांनी नोंदवले. मुलांच्या बाबतीत वयाचे भान ठेवावे लागते. चार-पाच वर्षांचे निरोगी मूलही एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारते. सात वर्षांनंतर निरोगी मुलांत असे बोलणे विरळ होत जाते. त्यामुळे अकराव्या वर्षी, पूर्वी नीट बोलणाऱ्या मुलात ते नव्याने दिसले, तर ती दखल घेण्याजोगी खूण ठरते. अनेकदा मात्र असे विस्कळीत बोलणे दिसतच नाही. मूल कमी कमी बोलू लागते, आणि शांत बसणाऱ्या मुलाचा त्रास कोणालाच होत नसल्याने ती खूण नजरेतून सुटते.

४.२.३ घरची भाषा आणि शाळेची भाषा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जिंतूर तालुक्यात मराठवाडी मराठीबरोबर तांड्यांवर गोरमाटी आणि मुस्लिम कुटुंबांत दखनी-उर्दू बोलली जाते. तांड्यावरून आलेले पहिलीतील मूल वर्गात गप्प बसते, तुटक उत्तरे देते, सर्वनामे चुकवते. ते आजारी नसते; त्याला शाळेची भाषा नवी असते. ते घरी, आपल्या भाषेत, भावंडांशी भरभरून बोलते का, हे विचारल्याशिवाय त्याच्या बोलण्याविषयी निष्कर्ष काढू नये.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मूल खरोखर आजारी असेल आणि दवाखान्यात त्याला प्रमाण मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारले गेले, तर त्याचे मौन ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून दिले जाऊ शकते. “तुला आवाज ऐकू येतात का?” या प्रश्नाला “हो, गाडीचा येतो” असे सरळ उत्तर मिळेल. “जवळ कोणी नसताना तुला कोणी हाक मारल्यावानी वाटतं का?” हा प्रश्न मुलापर्यंत पोहोचतो. घरच्या बोलीत नेमका प्रश्न तयार करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कौशल्य येथे उपचाराच्या कामी येते.

४.२.४ कुटुंब : दोष आणि सूर

मूल आजारी पडले की घरात पहिला प्रश्न उठतो, “कोणाचे चुकले?” बोट बहुधा आईकडे दाखवले जाते. आपल्या उदाहरणातील आईला “लेकरू टाकून ऊसतोडीला गेलीस” हे ऐकावे लागले असते. शास्त्रानेही ही चूक केली आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया उद्भवतो अशी कल्पना मांडली. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘दुहेरी कोंडी’चा सिद्धान्त मांडला : शब्दांनी “जवळ ये” आणि सुराने “दूर हो” असे परस्परविरोधी संदेश मुलाला सतत मिळाले, तर आजार होतो. संवादाच्या अभ्यासात या सिद्धान्ताचे मोल आहे. परंतु आजाराचे कारण म्हणून तो टिकला नाही. घरातल्या बोलण्याने हा आजार निर्माण होत नाही. आईला अपराधी ठरवणाऱ्या या कल्पनांनी अनेक कुटुंबांचे नुकसान केले.

घरच्या बोलण्याचा परिणाम होतो तो आजार झाल्यानंतर. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि नंतर ख्रिस्तीन व्हॉन व ज्युलियन लेफ यांनी कुटुंबीयांच्या मुलाखती घेऊन त्यांतील टीकात्मक वाक्ये मोजली. शब्दांबरोबर सूरही तपासला. सतत टीका, वैर किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या प्रौढ रुग्णांचा आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. चंडीगढ येथे झालेल्या अशाच अभ्यासात, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लंडनच्या तुलनेत टीकेचे प्रमाण बरेच कमी होते. पुढील दोन वाक्ये पाहा :

(अ) “आळशी झालास, नुसता बसून राहतोस.”
(आ) “आज बरं वाटत नाही का? चल, दोघं मिळून पाणी आणू.”

पहिल्या वाक्यात आजाराचे लक्षण हा मुलाचा स्वभाव ठरतो. दुसऱ्यात ते लक्षण म्हणून ओळखले जाते आणि मुलाला घराच्या कामात जागाही मिळते. कुटुंबाला हा फरक शिकवता येतो, आणि तो शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे.

भास झालेल्या आवाजांवरही संस्कृतीची छाप असते. तान्या लुरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, घाना आणि भारतातील चेन्नई येथील प्रौढ रुग्णांशी संवाद साधला. चेन्नईतील अनेकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत. ते रागावत, तसेच घरकामाच्या सूचनाही देत. म्हणून मुलाला “आवाज कोणाचा वाटतो, तो काय सांगतो?” असे शांतपणे विचारणे उपयुक्त असते. आवाज खरा आहे असे कबूल करू नये, आणि तू खोटे बोलतोस असेही म्हणू नये. “मला तो ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतो हे कळतं,” एवढे पुरेसे आहे. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर मात्र मुलाला एकटे न ठेवता तातडीने रुग्णालय गाठावे.

४.२.५ गावाचे शब्द : ‘वेड’ आणि ‘बाहेरचं’

मराठीत ‘वेड’ या शब्दाचा अर्थविस्तार मोठा आहे. नाटकाचे वेड, भक्ताचे वेड, वेडी माया यांत कौतुक आहे. ‘वेड पांघरणे’ यात सोंग आहे. ‘वेडा’ या विशेषणात तिरस्कार आहे. आता तीन रचनांची तुलना करू :

(अ) तो वेडा आहे.
(आ) त्याला वेड लागले आहे.
(इ) त्याला एक आजार झाला आहे. औषध चालू आहे.

पहिल्या वाक्यात ‘वेडा’ हे विधिविशेषण असून ते कर्त्याची ओळखच सांगते. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांत मुलगा ‘ला’ प्रत्ययाने आला आहे. मराठीत भूक, ऊन, नजर, भूत आणि वेड ही सर्व माणसाला ‘लागतात’. म्हणजे बाहेरून येऊन चिकटतात. जे येते ते जाऊही शकते, ही आशा या रचनेत आहे. ‘बाहेरचं’ या शब्दाचे बळ येथेच आहे. तो आईला दोष देत नाही आणि मुलालाही देत नाही. कुटुंब तो शब्द धरून ठेवते ते केवळ अज्ञानामुळे नव्हे, तर त्या शब्दात त्यांना अब्रूचे रक्षण मिळते म्हणून. त्यामुळे अशा कुटुंबाची थट्टा करणाऱ्या शिक्षकाला ते पुन्हा काही सांगत नाही. “तुमचं देवाचं तुमच्या मनाप्रमाणे, पण लेकराला झोप नाही, त्यासाठी डॉक्टरांनाही दाखवू,” हे वाक्य वादविवादापेक्षा लवकर परभणीची एस. टी. गाठून देते.

मात्र एक सीमा ठाम आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. पंचवीसहून अधिक जण मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. अल्पवयीन मुलाला दाखल करावे लागल्यास त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे आणि त्याचे माणूस सोबत असावे, अशीही तरतूद त्यात आहे.

अंतराचा प्रश्नही खरा आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. परंतु बहुतेक मुलांना तेथे जाण्याची गरज नसते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देशच जिल्ह्यात उपचार मिळावेत हा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

४.२.६ शाळा : परत येण्याची जागा

औषधाने भास ओसरले तरी मुलाचे आयुष्य आपोआप पूर्ववत होत नाही. औषधांमुळे सुस्ती येते, वजन वाढते. हुकलेला अभ्यास आणि तुटलेली मैत्री समोर उभी असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांनाही मनाई आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. परंतु वर्गातील ‘येडं’ हा शब्द कायद्याने थांबत नाही. तो शिक्षकांच्या बोलण्याने थांबतो. “तो आजारी होता, आता आला आहे, त्याला वही द्या,” असे शिक्षक म्हणाले, की वर्गाला वापरण्यासाठी नवे वाक्य मिळते.

मराठी समाजाला या आजाराविषयी बोलण्याची भाषा देण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. पुण्यात कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू झाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा आजार आणि रुग्णाच्या बहिणीची ओढाताण प्रेक्षकांसमोर आणली. त्या चित्रपटातील रुग्ण प्रौढ आहे. मुलांविषयी मराठीत अजून फारसे बोलले गेलेले नाही. ते काम आपल्यासारख्यांसाठी शिल्लक आहे.

४.३ सारांश

बालवयातील सायकोसिस विरळ पण गंभीर आजार आहे. त्याची खूण बोलण्यातील सुसंगती तुटण्यात किंवा बोलणे आटण्यात दिसते. ती मुलाच्या घरच्या भाषेतच तपासावी लागते. कुटुंबाच्या बोलण्याने आजार होत नाही. परंतु कुटुंब, शाळा आणि गाव कोणते शब्द निवडतात, त्यावर मूल किती लवकर उपचारापर्यंत पोहोचते आणि नंतर त्याला कोणते स्थान मिळते हे ठरते. आपल्या उदाहरणातील नऊ महिने या शब्दांमध्येच गेले.

४.४ पारिभाषिक शब्द

भास : बाहेर काही नसताना ऐकू येणे, दिसणे इत्यादी अनुभव.
संभ्रम : पुरावा दिला तरी न ढळणारी चुकीची समजूत.
सुसंगती : वाक्यांतून मिळून एक अर्थ व हेतू व्यक्त होणे.
दुहेरी कोंडी : शब्द व सूर यांतून मिळणारे परस्परविरोधी संदेश.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. ‘व्याकरण शाबूत, सुसंगती तुटलेली’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. ‘त्याला वेड लागले’ आणि ‘तो वेडा आहे’ या रचनांतील अर्थभेद सांगा.
३. बेटसन यांचा सिद्धान्त आणि लंडन-चंडीगढ येथील अभ्यास यांतील मूलभूत फरक विशद करा.
४. बहुभाषक वर्गात मुलाच्या मौनाचा अर्थ लावताना कोणती काळजी घ्यावी?

४.६ क्षेत्रीय उपक्रम

आपल्या गावात मानसिक आजारासाठी वापरले जाणारे शब्द व वाक्प्रचार वडीलधाऱ्यांकडून गोळा करा. प्रत्येकासमोर तीन नोंदी करा : शब्द दोष कोणाला देतो, आजार बरा होईल असे सुचवतो का, आणि तो आजारी व्यक्तीसमोर उच्चारता येईल का. कोणत्याही रुग्णाचे किंवा कुटुंबाचे नाव नोंदवू नये. उपक्रम करताना असे एखादे मूल आपल्या लक्षात आले, तर वही मिटावी आणि त्याच्या घरच्यांशी बोलावे.